ग्रेडेड मटेरियल आणि बांधकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी आणि संध्याकाळी एम.टेक.च्या मुलांना शिकवणं, असा माझा दिनक्रम आहे. त्यामुळे या विषयावर दोन्हीकडून प्रश्न येतात. मुलं सूत्रांबद्दल विचारतात, साइटवरचे इंजिनिअर "हे आपल्याला लागू होतं का" असं विचारतात. तेच ते प्रश्न इथे ओळीने घेतले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. फंक्शनली ग्रेडेड मटेरियल, म्हणजे एफजीएम, म्हणजे नेमकं काय?

ज्या वस्तूतला माल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू बदलत जातो आणि तो बदल कामाची गरज बघून ठरवलेला असतो, ती वस्तू. बदल दोन घटकांच्या प्रमाणात असेल, सच्छिद्रतेत असेल, तंतूंच्या दाटीत असेल, नाहीतर धातूच्या आतल्या रचनेत असेल. 'हळूहळू' आणि 'ठरवून' या दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. नुसता हळूहळू बदल तर आपल्या प्रत्येक कॉलममध्ये असतो, आणि तो बहुतेक वेळा नको तसा असतो (प्रश्न १३).

२. ग्रेडेड म्हणजे एम-२५, एम-३० वगैरे ग्रेडचं काँक्रीट का?

नाही. एम-२५ हा सामर्थ्याचा दर्जा झाला. त्यात सगळीकडे एकसारखा माल अपेक्षित असतो. 'वेल ग्रेडेड खडी' हे तिसरंच प्रकरण, त्याचा संबंध खडीच्या लहानमोठ्या आकारांच्या मिश्रणाशी. एफजीएममधलं ग्रेडिंग जागेनुसार असतं. इथे एक आणि दहा सेंटिमीटर पुढे दुसरं, पण मध्ये सांध्याची रेघ नाही.

३. मग आरसीसी हेसुद्धा एफजीएमच झालं ना? ताण येतो तिथे सळई घालतोच की आपण.

विचार तोच आहे, पण आरसीसीत सळई आणि काँक्रीट यांच्यातली हद्द ठळक असते. इथपर्यंत काँक्रीट, इथून पोलाद. प्लायवुडचंही तेच, पापुद्र्यावर पापुद्रा आणि मध्ये गोंद. अशा वस्तूला संमिश्र किंवा थरांचं म्हणावं, ग्रेडेड म्हणू नये. व्यवहारात खूप पातळ थर एकावर एक रचून सलग बदलाच्या जवळ जाता येतं. प्रयोगशाळेतले बरेच नमुने तसेच बनवतात आणि त्याला माझी हरकत नाही. दोन जाड थर चिकटवून त्याला 'ग्रेडेड' म्हणण्याला मात्र आहे.

४. ही कल्पना कुणाची?

संमिश्रांमध्ये गुणधर्म सलग बदलावेत, असा विचार १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता, पण तो तेव्हा कागदावरच राहिला. खरी निकड जपानला १९८० च्या दशकाच्या मध्यावर जाणवली. अवकाशात जाऊन परत येणाऱ्या विमानासाठी त्यांना असं कवच हवं होतं, की ज्याची बाहेरची बाजू २००० केल्विन तापमान सोसेल, आतली १००० केल्विनवर राहील आणि जाडी असेल फक्त १० मिलिमीटर. नुसतं सिरॅमिक घेतलं तर तडकतं, नुसता धातू घेतला तर वितळतो, एकाला दुसरं चिकटवलं तर सांध्यावर सोलून निघतं. म्हणून बाहेर सिरॅमिक, आत धातू आणि मध्ये प्रमाण बदलत नेलेलं मिश्रण, असा तोडगा निघाला. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९० मध्ये सेंदाई शहरात भरली. बांधकामात ही कल्पना उशिरा आली. आमच्याकडे २००० केल्विन नसतात, पण घनमीटर हजारोंनी असतात आणि दर परवडावा लागतो.

५. निसर्गात याचं उदाहरण आहे का? वर्गात काय दाखवावं?

बांबू दाखवा. धारदार करवतीने कांब आडवी कापा, कापलेली बाजू पॉलिश पेपरने घासा आणि थोडी ओली करा. भिंतीच्या जाडीत काळपट ठिपके दिसतील. बाहेरच्या सालीकडे ते बारीक आणि खच्चून भरलेले असतात, आत पोकळीकडे येताना मोठे आणि विरळ होत जातात. या ठिपक्यांभोवती बळकट तंतू असतात. आतल्या बाजूला तंतूंचा वाटा साधारण १० ते २० टक्के, तर सालीजवळ तो ६० टक्क्यांच्या आसपास जातो. वाऱ्याने कांब वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो, आणि बांबूने माल नेमका तिथेच खर्च केलेला असतो.

बुरुडाला हे कुणी शिकवावं लागत नाही. टोपलीसाठी कामट्या काढताना तो पाठीकडचा भाग राखतो आणि पोटाकडचा मऊ भाग तासून टाकतो. कोकणातला माणगा बांबू जवळपास भरीव असतो, तरी त्यातही ठिपक्यांची दाटी बाहेरच असते. शिवाय बुंध्याकडे भिंत जाड आणि ठरावीक अंतरावर गाठी, म्हणजे लांबीच्या दिशेनेही योजना आहेच.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. बांबूची पट्टी 'बांबूचं सामर्थ्य' म्हणून लॅबमध्ये तपासायला दिली, तर ती पाठीकडची की पोटाकडची हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

६. आपल्या साइटवर खरोखरचं ग्रेडेड मटेरियल कुठे बघायला मिळेल?

तुमच्या सळयांच्या ढिगात. टीएमटी सळई रोलिंग मिलमधून साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला लालभडक बाहेर येते आणि लगेच पाण्याच्या झोताच्या पेटीतून जाते. क्षणभरात बाहेरचा थर थंड होऊन मार्टेन्साइट नावाची कडक रचना बनते, आत मात्र उष्णता शिल्लक असते. पेटीतून बाहेर आल्यावर ती आतली उष्णता बाहेर येऊन कडक थराला शेकते आणि त्याचा ठिसूळपणा कमी करते. गाभा सावकाश थंड होतो, म्हणून तो मऊ आणि ताणला जाणारा राहतो. पोलाद एकच, कडकपणा मात्र बाहेरून आत उतरत गेलेला. एफई ५००डी दर्जाच्या सळईत किमान ५०० मेगापास्कल यील्ड ताण (ज्याच्या पुढे सळई कायमची ताणली जाते) आणि किमान १६ टक्के लांबीवाढ, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या या रचनेमुळे.

पाहायचं असेल तर सळईचा तुकडा कापा, टोक आरशासारखं घासा आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लात बुडवा. हे लॅबमध्ये, हातमोजे घालूनच करायचं. थोड्या वेळात कडेने गडद कडं उठतं आणि मधला भाग फिकट राहतो. कडं सगळीकडे सारख्या जाडीचं हवं. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला तुटक दिसलं, तर पेटीत पाणी सारखं लागलेलं नाही. मुलांना मी पहिल्या तासाला हेच करायला लावतो. सूत्राआधी कडं.

७. टीएमटी सळईला लेथवर घासून आटे पाडले तर चालतं का? साइटवर फॅब्रिकेटर म्हणतो, "साहेब, एक मिलिमीटरच तर काढतोय."

चालत नाही, आणि तो एक मिलिमीटर कुठला आहे ते बघा. १६ मिलिमीटरच्या सळईवरून चहूबाजूंनी एक मिलिमीटर काढला की व्यास १४ उरतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर २३ टक्के माल गेला. म्हणजे प्रश्न ६ मधल्या कड्याचा बहुतेक भाग. आता हातात उरला तो मुख्यतः मऊ गाभा. एकजिनसी सळईत २३ टक्के माल गेल्यावर ताकद २३ टक्क्यांनी घटली असती, इथे त्याहून जास्त घटते.

मला हे एका साइटवर फाउंडेशन बोल्टच्या निमित्ताने उमगलं. टीएमटीचे तुकडे लेथवर घासून बोल्ट केले होते. नट आवळतानाच दोन आट्यांमध्ये मान बारीक होऊन तुटले. तेव्हा मीही आधी मालालाच दोष दिला होता. मालात काही वावगं नव्हतं.

कपलर, म्हणजे दोन सळया जोडणाऱ्या आट्यांच्या नळ्या, लावायचे असतील तर टोक आधी दाबून फुगवतात आणि मग त्या फुगवट्यावर आटे पाडतात. त्या पद्धतीत आट्यांच्या मुळाशीही मूळ सळईइतकं क्षेत्रफळ उरतं. बोल्टसाठी सरळ साधा गोल बार घ्या. गॅस कटरने तापवून वाकवण्याबद्दलही हेच उत्तर: उष्णतेने कडं मऊ पडतं.

८. दोन चांगले माल एकमेकांना चिकटवले तर सांधाच का तुटतो?

कारण दोघं एकाच तापमानाला वेगवेगळे फुगतात. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे सुमारे १० मायक्रॉन वाढतं. इपॉक्सी मॉर्टर (सिमेंटऐवजी राळेत कालवलेलं) सहज २५ मायक्रॉन वाढतं. गच्चीवर एक मीटर लांबीचा इपॉक्सीचा पॅच मारला आणि पृष्ठभागाचं तापमान ३० अंशांनी बदललं, तर काँक्रीट ०.३ मिलिमीटर हलू पाहतं आणि पॅच ०.७५. विदर्भातल्या गच्चीवर पहाट आणि दुपार यांत एवढा फरक पडणं अवघड नाही. ०.४५ मिलिमीटरचा हा तंटा सबंध सांध्यावर सारखा वाटला जात नाही, तो कडांवर गोळा होतो. म्हणून पॅच नेहमी कोपऱ्यातून उठतो. मे महिन्यात फुगून उठलेली टाइल हा त्याच कुळातला प्रकार.

ग्रेडिंगने हा तंटा मिटत नाही. तो जाडीभर पसरतो, आणि कुठल्याच एका रेषेवर एवढा साचत नाही की तिथून सोलणं सुरू व्हावं. एफजीएमचा मुख्य फायदा एवढाच आहे. ताकद वाढते, असं जे सरसकट लिहिलेलं असतं, ते तितकंसं खरं नाही.

९. काँक्रीटमध्ये ग्रेडिंग कशाचं करतात?

मुख्यतः सच्छिद्रतेचं. आयताकृती छेदाचा एक सोपा हिशोब करा. वाकण्याला विरोध खोलीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे खोलीचे तीन समान भाग केले, तर मधल्या तिसऱ्या भागाचा वाटा एक सत्तावीसांश, जेमतेम ३.७ टक्के. वजन मात्र पूर्ण एक तृतीयांश. मधल्या अर्ध्याचा हिशोब केला तरी वाटा साडेबारा टक्केच येतो. तो मधला माल हलका केला तर वाकण्याच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही. (भेगा पडल्यावर हा हिशोब बदलतो, आणि आधाराजवळ शिअरसाठी, म्हणजे छेद कापू पाहणाऱ्या बलासाठी, मधला भाग लागतोच. तिथे हात आखडता घ्यायचा.)

जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठात वेर्नर झोबेक यांच्या संस्थेने यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या एका पद्धतीत दोन नोझल असतात, एकातून घट्ट काँक्रीट आणि दुसऱ्यातून हलकं, आणि फवारताना दोन्हींचं प्रमाण बदलत नेतात. दुसऱ्या पद्धतीत वेगवेगळ्या आकाराचे पोकळ गोळे नेमक्या जागी बसवून काँक्रीट ओततात. योग्य आकाराच्या घटकात वजन जवळपास निम्म्यावर आणता येतं, हे त्यांनी दाखवलं. किलोभर क्लिंकरमागे (सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल) पाऊण किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतलं की निम्म्या वजनाची किंमत कळते.

सच्छिद्रतेशिवाय तंतूंची दाटी (प्रश्न १२) आणि बाहेरच्या थराची घट्टता (प्रश्न १३) बदलतात. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये नोझलला येणारं मिश्रण चालू कामात बदलता येतं, म्हणून या विषयातल्या लोकांचं तिकडे लक्ष आहे.

१०. मग स्लॅबमध्ये तळाला एम-६० आणि वर एम-२० टाकलं तर? ताण तळालाच येतो ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन चुका आहेत. तळाला येतो तो खेच, आणि खेच काँक्रीट घेत नाही, सळई घेते. दाब वर येतो. ताकदीसाठी महाग काँक्रीट घालायचंच असेल तर साध्या टेकवलेल्या स्लॅबमध्ये ते वर हवं. स्लॅब सलग असेल तर आधारावर पुन्हा उलटं, तिथे दाब तळाला. तळाला घट्ट काँक्रीट घालण्याचं खरं कारण सळईचं रक्षण हे असू शकतं, ताकद नव्हे.

दुसरी चूक कडकपणाची. आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट कोडाप्रमाणे लवचिकता गुणांक (मालाच्या कडकपणाचं माप) म्हणजे ग्रेडच्या वर्गमुळाची ५००० पट. एम-२० ला तो २२,३६१ येतो, एम-६० ला ३८,७३० मेगापास्कल. ताकद तिप्पट, कडकपणा पावणेदोन पटीच्याही आत. ग्रेड बदलून कडकपणात मोठा चढ मिळवता येत नाही. सच्छिद्रतेने मिळतो.

आणि करायचंच ठरवलं तर ताज्यावर ताजं. खालचा थर पाय रुतणार नाही इतपत आवळलेला, पण सेट न झालेला हवा. उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी असते. ती हुकली की ग्रेडेड राहिलं बाजूला, कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा, पदरात.

११. टॉवरमध्ये कॉलम एम-५० आणि स्लॅब एम-३० आहे. जंक्शनला काय टाकायचं?

हा खरा रोजचा प्रश्न. कॉलमचा भार स्लॅबच्या जाडीतून खाली जातो, आणि तेवढ्या जाडीत कॉलम एम-३० चा होऊन बसतो. एसीआय ३१८ या अमेरिकन काँक्रीट कोडाचा नियम असा: कॉलमचं काँक्रीट स्लॅबच्या १.४ पटीपेक्षा जास्त दर्जाचं असेल तर काहीतरी करा. इथे १.४ गुणिले ३० म्हणजे ४२, आपण ५० वर आहोत, तेव्हा करावं लागेल. नेहमीचा उपाय म्हणजे कॉलमचं काँक्रीट कॉलमच्या कडेपासून ६०० मिलिमीटर बाहेरपर्यंत स्लॅबमध्ये ओतायचं. चारही बाजूंनी स्लॅब-बीमने घट्ट धरलेल्या आतल्या कॉलमसाठी त्याच कोडात कॉलमचा पाऊण हिस्सा अधिक स्लॅबचा ०.३५ हिस्सा अशी सवलत आहे. आपल्या आकड्यांत ती ४८ येते, पन्नासला दोन कमी, तेव्हा गणित तपासूनच वापरा.

ओतताना आधी कॉलमभोवतीचं, मग लगेच स्लॅबचं. अडवायला जाळी लावतात. दोन्ही ताजे असताना हद्दीवर व्हायब्रेटर फिरवला की काही सेंटिमीटरचा मिसळलेला पट्टा आपोआप तयार होतो. भारतात रोज होणारं ग्रेडेड काँक्रीट बहुधा हेच, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. पंपावाल्याला 'कुठला ट्रक आधी' हे लेखी द्या. सगळा घोळ तिथेच होतो.

१२. रस्त्यांत उपयोग आहे का?

आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रोझलर, पॉलिनो आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दोन थरांचे काँक्रीटचे नमुने तोडून पाहिले, एक थर साधा आणि एक तंतूंचा. भेग खालून सुरू होत असेल तर तंतूंचा थर खाली ठेवल्यावर ती जास्त अडते. ऐकायला साधं वाटतं, पण यामुळे महागडे तंतू पूर्ण जाडीत घालायची गरज उरत नाही. एक सावधगिरी: काँक्रीट रस्त्याच्या स्लॅबच्या कोपऱ्यातली भेग वरून सुरू होते. तिथे हा क्रम उलटा लागेल.

ऑस्ट्रियात दोन लिफ्टमध्ये, म्हणजे लागोपाठ ओतलेल्या दोन थरांत, काँक्रीट रस्ते करायची जुनी रीत आहे. खालच्या जाड थरात जुन्या रस्त्याचं फोडून काढलेलं काँक्रीट चालतं, वरच्या पातळ थरात झिजेला टिकणारी चांगली खडी. काटेकोर बोलायचं तर ते दोन थर आहेत (प्रश्न ३), पण ताज्यावर ताजं असल्याने जोड एकजीव असतो.

१३. समुद्रकाठच्या इमारती आणि बोगद्यांमध्ये काय फायदा?

इथे मला हा विषय सर्वांत जवळचा वाटतो. सळई गंजवणारे क्लोराइड (मिठातले क्षार) बाहेरून येतात आणि सळईपर्यंत पोचायला त्यांना कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ओलांडावं लागतं. म्हणजे सगळ्यात घट्ट काँक्रीट बाहेरच्या ४०-५० मिलिमीटरमध्ये हवं, आतलं मध्यम चालेल. बोगद्याच्या सेगमेंटमध्ये (अस्तराच्या तयार तुकड्यांमध्ये) मातीकडची बाजू जास्त घट्ट करायची, हा विचार चीनमध्ये झालेला आहे. कारखान्यात साच्यात ओतलेल्या सेगमेंटला तो जमतोही, कारण थर आडवे पडतात आणि वेळ हातात असते.

आपल्या साइटवर मात्र बरोबर उलटं ग्रेडिंग होतं. पाणी मारणं सगळ्यात आधी कव्हरच्या काँक्रीटला कमी पडतं. शटरिंगच्या फटीतून स्लरी तिथूनच गळते. कॉलममध्ये पाणी वर चढतं, म्हणून माथ्याचं काँक्रीट बुंध्यापेक्षा कमजोर. गाभा उत्तम, कातडी भुसभुशीत. बांबूच्या नेमकं विरुद्ध.

आयएस ४५६ किनारी हवेला किमान एम-३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगतं, खाऱ्या पाण्याच्या तुषारांना एम-३५ आणि ५०, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम-४० आणि ७५. हे आकडे कव्हर नीट मुरलेलं आहे असं धरून आहेत. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असेल तर किमान दहा दिवस क्युरिंग. मालाडच्या किंवा रत्नागिरीच्या इमारतीसाठी कुणी ग्रेडेड काँक्रीटचा सल्ला विचारला, तर मी आधी गोणपाट ओलं आहे का ते विचारतो.

१४. धरणांचा याच्याशी काही संबंध?

मातीचं धरण हे मोठ्या मापाचं ग्रेडिंगच आहे. मध्ये हार्टिंग, म्हणजे पाणी अडवणारी चिकण माती. बाहेर केसिंग, म्हणजे मुरूम, जो वजन आणि उतार सांभाळतो. दोन्हींच्या मध्ये वाळूचा फिल्टर. हार्टिंगला थेट दगड भिडवले तर झिरपणारं पाणी मातीचे कण त्या फटींतून घेऊन जाईल. म्हणून मृदाशास्त्रज्ञ टेरझागींचा नियम: फिल्टरमधला बारकाईकडचा कण (ज्याहून बारीक माल १५ टक्के असतो) मातीतल्या भरड कणाच्या (ज्याहून बारीक माल ८५ टक्के असतो) चार-पाच पटींपेक्षा मोठा नको. प्रत्येक थर पुढच्याशी जुळेल असा, एकदम उडी नाही.

उडी मारली तर काय होतं, याचा धडा कोयनेने दिला. तो मालाचा नव्हे, आकाराचा. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाच्या छेदात वरच्या भागात खालच्या बाजूचा उतार एका पातळीवर एकदम बदलत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात भेगा त्याच पातळीच्या आसपास उमटल्या. पुढे उंच भागांना मागून टेकू देऊन धरण मजबूत केलं. ताणाला आकारातली उडी आणि मालातली उडी सारखीच दिसते.

१५. जुन्या बीमला कार्बन फायबरच्या पट्ट्या लावतो. त्या टोकाकडून का सुटतात?

प्रश्न ८ मधलंच कारण, फक्त उष्णतेऐवजी भार. पट्टी जिथे संपते तिथे कडकपणाची उडी असते. पट्टीचं टोक टप्प्याटप्प्याने पातळ करत न्या, म्हणजे अनेक पदर असतील तर प्रत्येक पदर आधीच्यापेक्षा थोडा आखूड ठेवा, आणि टोकाला यू आकाराची पकड द्या. पदर आखूड करत नेणं हे ग्रेडिंगच आहे आणि ते फुकट मिळतं.

१६. माझ्या एम.टेक. प्रोजेक्टमध्ये पॉवर लॉ आहे. घातांक किती घ्यायचा?

पॉवर लॉ म्हणजे जाडीत माल कसा बदलतो ते सांगणारं घाताचं सूत्र. आधी घातांक म्हणजे काय ते समजून घ्या. तळापासून उंचीचा अपूर्णांक घेऊन त्याचा घात काढला की वरच्या मालाचा वाटा मिळतो. घातांक १ असेल तर बरोबर मध्यावर वाटा ५० टक्के. २ असेल तर २५ टक्के. अर्धा असेल तर ७१ टक्के. घातांक म्हणजे 'महाग माल किती खोलवर पोचू द्यायचा' याचं बटण. तो ०, १, २, ५, १० घेऊन दहा आलेख काढले की प्रोजेक्ट होतो खरा, पण तो माल कोण आणि कसा बनवणार याचं उत्तर त्यात नसतं. मी परीक्षक असलो की हा एक प्रश्न हमखास विचारतो.

दुसरी मेख मिश्रणाच्या नियमात आहे. बहुतेक पेपरांत अ‍ॅल्युमिना (३८० गिगापास्कल) आणि अ‍ॅल्युमिनियम (७० गिगापास्कल) ही जोडी असते. निम्मंनिम्मं मिश्रण सरळ सरासरीने २२५ येतं. दोन्ही माल भाराच्या दिशेला आडवे, एकापुढे एक धरले तर ११८. उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि तुम्ही २२५ का निवडलंत हे लिहायला हवं. शिवाय सिव्हिलचा प्रोजेक्ट असेल तर अ‍ॅल्युमिनाची स्लॅब कुठे टाकणार? काँक्रीट आणि फोम काँक्रीट घ्या. आकडे कमी देखणे येतील, पण कामाचे येतील.

१७. सॉफ्टवेअरमध्ये सलग बदल कसा दाखवायचा? किती थर?

जाडीचे आठ-दहा थर करा, प्रत्येकाला त्याच्या मध्यावरचे गुणधर्म द्या, उत्तर काढा. मग थर दुप्पट करून पुन्हा काढा. विक्षेप (भाराखाली किती वाकतं ते) आधी स्थिरावतो, ताण उशिरा. तुम्हाला ताण हवा असेल तर विक्षेप जुळला म्हणून थांबू नका.

१८. आयएस कोडात याची तरतूद आहे का?

आयएस ४५६ चा सगळा हिशोब एका छेदात एकच ग्रेड धरून चालतो. ग्रेडेड छेद वापरायचा तर मूळ समतोलापासून गणित मांडून, नमुने तोडून, तपासनिसाला पटवून द्यावं लागतं. एखाद्या फूटब्रिजसाठी किंवा प्रीकास्ट पॅनलसाठी हे शक्य आहे. चार मजली सोसायटीसाठी एवढा खटाटोप मी कुणाला सुचवणार नाही.

१९. घर बांधतोय. एकजण 'ग्रेडेड टेक्नॉलॉजी'चे हलके वॉल पॅनल विकतोय. घेऊ का?

एक पॅनल विकत घ्या आणि त्याच्यासमोर आडवं कापा. दोन पापुद्रे आणि मध्ये थर्माकोलसारखा गाभा दिसला तर ते सँडविच पॅनल आहे. ते वाईट नसतं, पण त्याला सँडविचचाच भाव द्या. नंतर कापलेल्या तोंडावर पाणी ओता आणि दोन दिवस ऊन-पाण्यात ठेवा. पापुद्रा नखाने उचकटतो का ते पाहा. मी तरी माहितीपत्रकापेक्षा या कापलेल्या तोंडावर जास्त विश्वास ठेवतो.

२०. ग्रेडेड किंवा थरांच्या काँक्रीटमध्ये रिबाउंड हॅमर आणि कोअर टेस्टचा अर्थ कसा लावायचा?

पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणारा हॅमर फक्त वरच्या काही सेंटिमीटरची गोष्ट सांगतो. बाहेर घट्ट आणि आत हलकं असेल तर तो खोटी ग्वाही देईल, आणि प्रश्न १३ सारखं उलटं असेल तर चांगल्या कॉलमला नापास करेल. अल्ट्रासाउंड आरपार पाठवला तर मधल्या सगळ्या मालाची सरासरी मिळते, चढउतार दिसत नाही. कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा दंडगोल, काढला आणि जाडीच्या दिशेने दाबला, तर सर्वांत कमजोर थर आधी चिरडतो आणि आकडा त्याचाच येतो, भले प्रत्यक्षात त्या थरावर कधी भार येणार नसो.

म्हणून असा कोअर अख्खा दाबू नका. आडव्या चकत्या कापा, प्रत्येकीची घनता आणि पाणी शोषण्याचं प्रमाण मोजा आणि खोलीनुसार आलेख काढा. साध्या, एकाच ग्रेडच्या जुन्या कॉलमवरही हे एकदा करून पाहा. पहिल्या ३० मिलिमीटरची चकती आतल्या चकतीपेक्षा किती जास्त पाणी पिते ते दिसलं, की पुढच्या कामाला क्युरिंगचं बजेट कुठून काढायचं हे मालकाला समजावणं सोपं जातं.